एक्केचाळीस क्रमांकाच्या दगडाची मोहीम

“मी म्हणत होते, कोरड्या फडक्यानं पुसू. पण ऐकतंय कोण! आता बघा, आकडे पोहायला लागले.”

ऐसे उद्गार खनिजशाळेच्या कपाटवाल्या मावशी यांचे मुखातून, पदर कमरेस खोचून, निळ्या टबावर ओणवे होऊन, गुरुवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी निघाले. ऐकणारे कोणी नव्हते. एक नळ होता, तो गळत होता. परंतु पुढे जी मोहीम जाहली, जे मोर्चे लागले, जो तोतया उभा राहिला आणि अखेर जी फत्ते जाहली, त्या सर्वांचे मूळ या कुरकुरीत आहे, सबब तीच आरंभी नमूद केली. आता मुळापासोन वर्तमान ऐसे जे:

महाविद्यालयाचे तळमजल्यावर, जिन्याखालून डावे हातास, जेथे ट्यूबलाइट लागण्याआधी तीनदा विचार करिते, तेथे खनिजशाळेचे ठाणे. ठाण्यात लाकडी कपाट एक, काचेच्या दारांचे. त्यात खण आठ, दर खणी दगड आठ, एकूण दगड चौसष्ट. कपाटास कुलूप पितळी आणि किल्ली एक, ती काळ्या गोफात ओवून मावशींचे गळ्यात बावीस वर्षे. शाळेचे संस्थापक थोरले सर यांणी खाणी, कडे, नदीची पात्रे आणि एकदा तर सख्ख्या मेहुण्याचे घराचा पाया धुंडाळून हे चौसष्ट वीर जमा केले, आणि मग त्यांची वही केली. त्या वहीचा कायदा जगावेगळा. तीत दगडाचे नाव लिहावयाचे नाही. फक्त आकार लिहावा, आणि पृष्ठ, म्हणजे वरची कातडी, डोळ्यास कशी दिसते व हातास कशी लागते ते लिहावे. कारण की विद्यार्थी नावे घोकितात आणि दगडाकडे ढुंकून पाहात नाहीत, ऐसा सरांचा अनुभव. सबब अठ्ठाविसाचे पुढे ‘सूच्याकार, टोचतो’, बाराचे पुढे ‘पत्रित, नखाने पापुद्रा सुटतो’, पन्नासाचे पुढे ‘पृष्ठ रेघाळ, कंगव्यावरून बोट फिरविल्यासारखे’, येणेप्रमाणे चौसष्ट रकाने. नावे सरांचे डोक्यात, आणि डोके सरांबरोबर निवृत्त होऊन कन्येकडे परगावी.

मावशींचे शिक्षण सातवीपर्यंत, पुढे संसाराने पुस्तक मिटविले. परंतु रोज सकाळी आठास कपाट उघडावे, एकेक दगड तळव्यावर घ्यावा, मऊ फडक्याने पुसावा आणि जाग्यावर ठेवावा, ऐसे बावीस वर्षे केल्यावर वहीतील सारे शब्द त्यांचे बोटांत उतरले. डोळे खिडकीबाहेर, तोंडाने लेकीच्या सासूची तक्रार, आणि अंगठा मात्र बिनचूक सांगे की हा तंतुमय आणि हा दाणेदार.

त्या किल्लीवर गेल्या कैक वर्षांपासोन कार्यालयाचा डोळा. कार्यालयाचे म्हणणे, सर्व किल्ल्या एके फळीवर टांगाव्या आणि मागणी-अर्ज भरून न्याव्या. दर वर्षी विभागप्रमुख बाईसाहेब त्या कागदावर लिहीत की किल्ली मावशींकडेच असावी, आणि दर वर्षी कार्यालय दात-ओठ खाऊन गप्प बसे. परंतु एक कलम टपून राहिले होते: एकही नमुना गहाळ जाहल्यास किल्ली जमा आणि किल्लीधारकाची बदली आवक-जावक टेबलावर, जेथे दिवसभर पाकिटे चिकटवावी. पाकिटास आकार एकच आणि पृष्ठ एकच. ऐशा जिण्याचे मावशींस भय वाटे, ते त्या बोलून दाखवीत नसत. फक्त पोस्टाची गाडी आली की गोफ चाचपून पाहात.

ऐशास मागले साली तपासनीस साहेब आले आणि शेरेबुकात दोनच शब्द लिहून गेले: ‘नमुन्यांवर धूळ.’ मावशींनी ते वाचले आणि दोन दिवस डबा उघडला नाही, कारण धूळ ही नव्हतीच. तो अठराव्या दगडाचा स्वभाव, त्याचे पृष्ठच मातकट. परंतु बाईसाहेबांचे काळजात ते दोन शब्द भाल्यासारखे रुतले. त्यांणी वर्षभर तो भाला बाळगिला, आणि यंदा तपासणीची तारीख लागताच बुधवारी दुपारी फलकावर लेखी फर्मान डकविले की सर्व नमुने साबणाचे पाण्यात रात्रभर भिजत घालावे, सकाळी घासून लखलखीत करावे, कोणाचा मुलाहिजा ठेवू नये. मावशींनी विचारिले, “सगळे? कोरड्या फडक्यानं पुसू या ना?” त्यावर बाईसाहेब बोलत्या जाहल्या, “सगळे म्हणजे सगळे, मावशी. मला एक कण दिसायला नको.” मग मावशींनी निळे टब दोन आणिले, फेस केला, चौसष्ट वीरांस जलसमाधी दिली आणि दिवा मालवून घरी गेल्या.

दुसरे दिवशी पाहतात तो काय? दगडांस डकविलेले कागदी आकडे सुटून पाण्यावर आले आणि साऱ्या पलटणीची ओळख पुसली. मावशींनी दगड उपसून टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर मांडिले आणि मोजिले, तो भरले त्रेसष्ट. पुन्हा मोजिले, त्रेसष्ट. मग शिपाई लंबू यास हाक मारून त्याजकडून मोजविले, तो बासष्ट आले, काय निमित्त की एक त्याने हातात धरिला होता.

“मावशे, एक कमी आहे गं.”

“ते मला पण दिसतंय. टबात बघ.”

“टबात फेस आहे.”

“फेसाखाली बघ, मेल्या.”

लंबूने कोपरापर्यंत हात घालून टब ढवळिला. हाती साबणाचे पाणी आणि मावशींची हरवलेली सेफ्टी पिन, याखेरीज लूट मिळाली नाही. मग ते पाणी मोरीत ओतिले. ते ओतिते समयी मावशी क्षणभर थबकल्या, जणू कोणी पाठीमागून हाक मारिली. परंतु तोवर टब रिता जाहला होता.

साडेनवास बाईसाहेबांची स्वारी दाखल जाहली, मागोमाग प्रात्यक्षिके घेणारे सर. हे सर खिशात, गळ्यात आणि चष्म्याचे घरात मिळोन तीन भिंगे बाळगीत, म्हणोन त्यांस सर्वत्र भिंगवाले म्हणत. दोघांनी टेबलावरील उघडी-नागडी, बेआकडी पलटण पाहिली आणि दोघेही खुर्चीवर बसले. मग मसलत जाहली. तपासनीस आजच चार वाजता येणार. तोवर वही वाचून, आकार आणि पृष्ठ पडताळून, ज्याचा त्यास आकडा पुन्हा डकवावा. लंबूने वाचावे, भिंगवाल्यांनी पारखावे, मावशींनी डिंक लावावा, ऐसा बाईसाहेबांचा हुकूम जाहला. एक दगड कमी आहे हे मावशींनी अर्ज केले, त्यावर हुकूम ऐसा की लावता लावता सापडेल.

पहिली लढाई वृक्काकार आणि द्राक्षगुच्छाकार यांची. वहीत एकतीस ‘वृक्काकार, पृष्ठ गुळगुळीत’ आणि बत्तीस ‘द्राक्षगुच्छाकार, पृष्ठ गुळगुळीत’. टेबलावर दोन काळसर, फुगीर, बेडौल असामी, एकमेकांच्या सख्ख्या भावासारखे. भिंगवाल्यांनी उजवा दगड वृक्काचा, म्हणजे मूत्रपिंडाचा, आहे ऐसा दावा मांडिला. बाईसाहेबांनी त्यासच द्राक्षांचा घड ठरविले. भिंगवाल्यांनी भिंग बदलिले. बाईसाहेबांनी स्वर चढविला. पाऊण घटका तुंबळ जाहली, उभयपक्षी पुस्तके उघडली गेली, आणि एका पुस्तकात उजव्यासारखे चित्र डाव्याचे नावाने निघाले, तेणेकरून गोंधळ दुणावला. मग मावशींनी डिंकाचा ब्रश खाली ठेविला, दोन्ही दगड उचलिले, डोळे मिटले आणि अंगठा फिरविला.

“हा बत्तीस. याच्यावर बोट चढतं-उतरतं, चढतं-उतरतं. याच्यावर एकदाच चढतं नि लांब जाऊन उतरतं. तो एकतीस.”

“पण मावशी, मूत्रपिंड—”

“मूत्रपिंड कुणी बघितलंय इथं, सर? बटाटा तर बघितलाय ना?”

येणेप्रमाणे एकतीस बटाट्याकडे आणि बत्तीस द्राक्षांकडे गेला, आणि भिंगवाल्यांनी एक भिंग खिशात घातले. तेथून पुढे मोहिमेचे सेनापतिपद न बोलता मावशींकडे आले. लंबूने वाचावे, मावशींनी हात पुढे करावा, आणि दगड आपण होऊन तळव्यात यावा, ऐसा देखावा जाहला. ‘स्तंभाकार, उभे जुडगे’ आला. ‘जाळीदार, पोकळ्यांतून उजेड दिसतो’ आला. ‘ओबडधोबड, आकार ठरत नाही’ यावर चार उमेदवार उभे राहिले, कारण आकार न ठरणे हे फार जणांस जमते. त्यांतील जो वजनास सर्वांत जड तो मावशींनी निवडिला. ‘वृक्षाभ नक्षी’ म्हणोन भिंगवाल्यांनी ज्या दगडावरील झाडाचे रेखीव चित्र वाखाणिले, ते मावशींनी ओल्या बोटाने पुसून टाकिले. तो चहाचा ओघळ होता. खरे झाड दुसऱ्याच दगडावर निघाले आणि ते पुसले गेले नाही.

सतरावर येताच लंबूचा आवाज बसला. त्याने वही जवळ नेली, दूर नेली, खाकरला.

“पुढचा वाचू का, बाई?”

भिंगवाले खिडकीकडे पाहू लागले. बाईसाहेबांनी घड्याळ पाहिले. मावशींनी वहीत डोकावून वाचिले: ‘स्तनाकार, पृष्ठ मऊ दिसते, नसते.’ मग एक गोलसर उंचवट्यांचा दगड उचलून सतराचे कागदावर ठेविला.

“तीन लेकरं वाढवलीत मी. चला पुढे.”

दोन वाजता त्रेसष्ट वीर आपापल्या आकड्यांसह कपाटात तैनात जाहले. कपाट ऐसे झळकले की ट्यूबलाइटही न अडखळता लागली. फक्त सहाव्या खणाची पहिली जागा रिकामी, आणि मावशींचे तळव्यावर ओलसर कागदाचा एक चतकोर: ४१.

लंबूने वही वाचिली. “एक्केचाळीस. आकार घन, कडा झिजलेल्या. पृष्ठ पारदर्शक, गार, पावसाळी हवेत ओलसर. शेरा...” येथे तो थांबला. “शेरा: जिभेला लावू नये.”

चौघेही गप्प जाहले. या गप्प होण्याचे कारण उघड करून सांगणे प्राप्त आहे. थोरल्या सरांनी तो शेरा लिहिला त्या दिवसापासोन आजवर, ज्याने एक्केचाळीस जिभेला लाविला नाही ऐसा एकही जीव या शाळेतून पार पडला नाही. पाठ वळली की लाविला, परीक्षेस वेळ उरला की लाविला, पैजेवर लाविला. आला तेव्हा तो लिंबाएवढा होता. पिढ्या गेल्या, कडा गेल्या, अखेर सुपारीएवढा उरला. बाईसाहेब याच शाळेच्या विद्यार्थिनी. भिंगवालेही येथलेच. लंबू तर रोजचाच. सबब एक्केचाळीस काय होता, हे चौघांसही पक्के ठाऊक. तो मीठ होता. खाणीतले, काचेसारखे, चौकोनी मीठ. आणि मीठ रात्रभर पाण्यात राहिल्यावर त्याचे काय होते, हे कळावयास कोणतेही भिंग लागत नाही.

परंतु बोलणार कोण? जो ‘मीठ’ म्हणेल त्याने चाटिला हे सिद्ध. आणि जो ‘विरघळला’ म्हणेल त्याने बाईसाहेबांचे फर्मानावर बोट ठेविले हेही सिद्ध. मावशींचे मन तर दोहीकडून ओढले. सांगावे तर ज्या बाईंनी दर साली किल्लीसाठी लेखणी झिजविली त्यांसच परक्यापुढे उघडे पाडावे. न सांगावे तर चार वाजता किल्ली जाणार आणि पाकिटे येणार. त्यांणी गोफ मुठीत धरिला आणि म्हणाल्या, “बघू या की, कुठं गेला असेल तर.”

मग जो दगड मोरीतून समुद्राचे वाटेस लागला होता, त्याचा शोध सुरू जाहला. कपाटाखाली झाडू घातला. पेन्सिली सहा निघाल्या. पंख्याचे पात्यावर पाहिले. लंबूने स्वतःचे बूट काढून झटकिले. भिंगवाले दोन्ही गुडघ्यांवर बसून मोरीचे जाळीस भिंग लावून बराच वेळ पाहात राहिले, आणि उठोन “काही नाही” म्हणाले, ते ऐसे की जणू स्मशानातून परत आले.

अडीचास बाईसाहेबांनी वकिलात रवाना करण्याची तजवीज केली. थोरल्या सरांस फोन लावावा, एक्केचाळीसाचे नाव विचारावे, आणि सरांनीच तो शब्द उच्चारिला म्हणजे आपले तोंड आपोआप मोकळे होईल, ऐसा पेच. भिंगवाल्यांनी फोन टेबलावर ठेवून सर्वांस ऐकू येईल ऐसा केला. पलीकडोन आवाज येताच ते खुर्चीवरून उठून उभे राहिले, हे त्यांचे त्यांसही कळले नाही.

“सर, एक्केचाळीसचं नाव हवं होतं.”

“नाव विचारायचं नाही. आधी आकार सांगा.”

“घन, सर.”

“हं. पृष्ठ?”

“पृष्ठ... दिसत नाहीये, सर.”

“मग हात लावा ना! हात कशाला दिलेत?”

“हाताला लागत नाही, सर.”

“हाताला लागत नाही असं खनिज नसतं. अभ्यास करून या. सोमवारी पुन्हा विचारीन.”

फोन बंद जाहला. वकिलात रिकामे हाती परतली आणि वर सोमवारची परीक्षा लागली. भिंगवाल्यांचा चेहरा एकोणीस वर्षांच्या पोरासारखा उतरला.

आता तोतयाचे प्रकरण. पावणेतीनास हात धुण्यास बेसिनपाशी गेले असता भिंगवाल्यांची दृष्टी साबणावर पडली. तो साबण पारदर्शक, पिवळसर, वापरून कडा झिजलेल्या, हातास गार, पृष्ठ ओलसर. त्यांणी तो उचलिला, पट्टीने चार बाजू तासून चौकोन केला, फडक्याने टिपिला आणि सहाव्या खणात पहिले जागी बसविला. वहीतील वर्णनाशी ताडून पाहता तो अस्सलाहूनही अस्सल. वास तेवढा गुलाबाचा येत होता.

“सर, हे काय हो?” मावशी म्हणाल्या.

“तात्पुरतं, मावशी.”

“अहो, साबण आहे तो!”

“आकार घन आहे. पृष्ठ जुळतंय. वहीत आणखी काय लिहिलंय?”

मावशींनी बाईसाहेबांकडे पाहिले. बाईसाहेबांनी कागदांची चळत नीट केली, मग उलटी करून पुन्हा नीट केली. न बोलणे हाच हुकूम समजून तोतया गादीवर राहिला. मावशींनी काच लाविली, कुलूप घातले. परंतु बावीस वर्षांत प्रथमच त्या कुलूप घालून कपाटाकडे पाठ करून बसल्या.

चार वाजता तपासनीस साहेबांची स्वारी आली. उंचीने बेताचे, चष्मा दोरीस बांधिलेला, बगलेत शेरेबुक. बाईसाहेबांनी सामोरे जाऊन खुर्ची दिली, लंबूने थंड पाण्याचा पेला दिला, मावशींनी कपाट उघडिले. साहेबांनी पहिले खणात बोट फिरविले, बोट पाहिले, धूळ नाही. दुसरे खणात फिरविले, नाही. मान डोलावली. बाईसाहेबांचे काळजातला भाला अर्धा बाहेर आला. मग साहेबांनी पाणी प्राशन केले, पेला बाहेरून घामाघूम, तळवा ओला. आणि तोच ओला तळवा, त्रेसष्ट दगड सोडोन, नेमका सहाव्या खणाचे पहिले जागी गेला.

एक्केचाळीस मुठीत येताच मुठीतून निसटला, मेजावर आपटला, तेथोन बाईसाहेबांचे मांडीवर, तेथोन जमिनीवर, आणि घसरत जाऊन भिंतीस लागून स्थिर जाहला. साहेबांनी तळवा पाहिला. तळव्यावर फेस. त्यांणी वास घेतला.

“हा नीट धुतला नाही तुम्ही. साबण राहिलाय.”

लंबूने तो उचलून आणिला. साहेबांनी त्यावर अंगठा दाबिला, अंगठ्याचा ठसा उमटला. मग त्यांणी चष्मा चढविला, ठसा निरखिला, एकेकाचे तोंड निरखिले आणि फार हळू विचारिले, “खरा कुठे आहे?”

नळ गळत होता, तो ऐकू आला.

मग साहेबांनी शेरेबुकातून छापील कागद काढिला, त्यावर एक्केचाळीसचा आकडा घातला, पुढे ‘गहाळ’ लिहिले आणि फर्माविले की किल्लीधारकाने येथे सही करावी आणि किल्ली टेबलावर ठेवावी. मावशींनी दोन्ही हात मानेमागे नेले. गोफ अंबाड्यात अडकला. बावीस वर्षे तो उतरवावयाचा प्रसंगच आला नव्हता, सबब तो कसा निघतो हे हातांस ठाऊक नव्हते. भिंगवाले मदतीस पुढे जाहले आणि पुन्हा मागे सरले. किल्ली निघाली, टेबलावर ठेविली गेली, तिचा आवाज एवढासा आला. मग मावशींनी पेन घेतले, कागद वाचिला, आणि पेन खाली ठेविले.

“गहाळ नाही लिहिणार मी, साहेब.”

“का?”

“बावीस वर्षांत माझा एक दगड गहाळ झाला नाही. हा पण नाही झाला. विरघळला. मीठ होतं ते.”

साहेबांनी चष्मा उतरविला. “कशावरून मीठ?”

“चाटलं होतं.”

“कुणी?”

“मी. कामावर आले त्याच दिवशी. आता वहीत लिहिलंय, जिभेला लावू नये. असं लिहिल्यावर माणूस काय करणार?”

“आणि पाण्यात कुणी टाकलं?”

“मीच. या दोन हातांनी. आठवायला पाहिजे होतं, नाही आठवलं.”

फलकावरील फर्मान मावशींचे पाठीमागे चार हातांवर डकविलेले, सहीशिक्क्यासह. मावशींनी मान वळविली नाही, न जाणो कोणी तिकडे पाहील. साहेबांनी ‘गहाळ’ खोडून ‘निष्काळजीपणा’ लिहिले आणि फर्माविले की कलम तेच लागू होते. शिवाय एका जिभेवर मीठ सिद्ध होत नाही, त्यास साक्ष लागते. इतके बोलून किल्लीकडे हात नेला.

तो बाईसाहेब उठल्या. मांडीवर साबणाचा डाग होता, तो त्यांणी झाकिला नाही. फलकापाशी गेल्या, टाचण्या काढिल्या, कागद आणून साहेबांपुढे ठेविला, आणि ज्या आवाजात त्या एरवी बोलत तो आवाज नव्हे, ऐशा आवाजात बोलल्या:

“धुवायला मी सांगितलं होतं. यांनी विचारलं पण होतं, सगळे का म्हणून. मी ऐकलं नाही. आणि मीठच होतं ते, साहेब. मी पण चाटलंय. दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा रोज.”

त्यावर भिंगवाल्यांनी हात वर केला. लंबूनेही केला. साहेबांनी चार जिभा मोजिल्या आणि कागद नवा घेतला.

येणेप्रमाणे गुरुवारी, चार वाजून पंचेचाळीस मिनिटांनी, खनिजशाळेची फत्ते जाहली, ती शेरेबुकात नोंद ऐसी: नमुने हजर त्रेसष्ट, धूळ नाही. क्रमांक एक्केचाळीस गहाळ नाही, विभागप्रमुखांचे हुकुमाने धुतला असता विरघळला. मीठ असल्याची खात्री चार इसमांनी पूर्वीच स्वतंत्रपणे केलेली. हुकुमाची जबाबदारी विभागप्रमुखांनी तोंडी मान्य केली, कोणी न विचारता. किल्ली पूर्ववत कपाटवाल्या मावशींकडे. सही, शिक्का.